ओसरीवरून : पंक्तीबाहेर मांडलेलें पान

२०२५ सालच्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या पुतण्याच्या मुलाची मुंज झाली. मुहूर्त साधला, मंगलाष्टकें झालीं आणि दुपारीं दीडच्या सुमारास पंक्ति बसल्या. थोरल्या पुतण्याचा मुलगा श्रीधर ह्या कार्यासाठीं मुद्दाम रजा काढून आला होता. तो गेलीं तीन वर्षें युगांडा देशांत, कांपाला शहरीं, एका व्यापारी पेढीवर हिशेबनीस आहे. हातपाय धुऊन, सोवळें नेसून तो पंगतींत बसावयास आला, तेव्हां आमच्या नात्यांतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनीं वाढप्यास खुणावलें, आणि त्याचें पान पंक्तींतून उचलून तुळशीवृंदावनापलीकडे नेऊन मांडण्यांत आलें. कोणी कांहीं बोललें नाहीं. श्रीधरही बोलला नाहीं. तेथें बसून तो जेवला, आपलें पान आपणच उचललें आणि हात धुवावयास विहिरीकडे गेला.

मी समोरच बसलों होतों. सारा जन्म मुलांना सुभाषितें पाठ करावयास लावण्यांत गेला. पण उठून ‘त्याचें पान येथें माझ्याशेजारीं मांडा’ एवढे चार शब्द माझ्या तोंडून निघाले नाहींत. कां निघाले नाहींत, ह्याचें खरें उत्तर असें कीं, मलाही भीति वाटली होती. त्या वर्षीं माघांत कांपाला येथें इबोला नांवाच्या रोगाची साथ उद्भवल्याचें वृत्त आम्हीं सर्वांनीं वाचलें होतें. तो रोग अतिशय भयंकर, ह्यापलीकडे त्याविषयीं आमच्यापैकीं कोणासही कांहीं ठाऊक नव्हतें. संध्याकाळीं श्रीधर ओसरीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि एवढेंच म्हणाला, “आजोबा, आत्याआजींचें मी समजूं शकतों. तुम्हीसुद्धां?”

त्याला मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. नंतर मात्र मिळेल तें वाचलें. माझा एक जुना विद्यार्थी डॉक्टर आहे, त्याच्याकडे चार वेळां खेपा घालून न कळलेलें समजावून घेतलें. वाचकहो, तेंच आज आपल्यापुढें मांडतों.

ह्या रोगाची जगाला पहिली ओळख १९७६ सालीं झाली, आणि रोगी म्हणून ज्यांची पहिली नोंद झाली ते माझ्याच व्यवसायाचे गृहस्थ निघाले. त्या वेळच्या झाईर देशांत, म्हणजे आतांच्या काँगोंत, यांबुकू नांवाचें एक आडबाजूचें खेडें आहे. तेथें बेल्जियमहून आलेल्या कॅथॉलिक जोगिणींचें १२० खाटांचें इस्पितळ होतें व मिशनची शाळा होती. त्या शाळेचे ४४ वर्षांचे हेडमास्तर ऑगस्टच्या अखेरीस तापानें पडले. हिंवताप असेल असें समजून त्यांना क्लोरोक्विनची सुई टोचण्यांत आली. ताप उतरला, पुन्हां चढला, आणि ८ सप्टेंबर रोजीं ते वारले.

आतां पुढचें लक्षपूर्वक वाचावें. त्या इस्पितळांत बाहेरून येणाऱ्या रोग्यांसाठीं रोज सकाळीं पांच पिचकाऱ्या काढून ठेवीत. त्याच पांच पिचकाऱ्या दिवसभर, मधून मधून पाण्यांत खळबळून, एकामागून एक रोग्यांना टोचल्या जात. लोकांना तर सुईचा मोठा विश्वास! (आपल्याकडेही सुई दिल्यावांचून डॉक्टरनें औषध दिलें असें कित्येकांस वाटत नाहीं, हें मीं पाहिलें आहे.) गरोदर बायका तपासणीस येत, त्यांनाही सुई मिळे. अशा रीतीनें रोग इस्पितळांतून गांवोगांव गेला. ३१८ माणसें आजारी पडलीं. त्यांतलीं २८० दगावलीं. इस्पितळांतील सतरा सेवकांपैकीं अकरा वारले, तेव्हां इस्पितळच बंद करावें लागलें. आणि इस्पितळ बंद झाल्यावर साथ ओसरूं लागली. हें वाक्य लिहितांना लेखणी थबकते. ज्या जोगिणींनीं घरदार सोडून त्या अरण्यांत रोग्यांची सेवा केली, त्यांच्याच हातांनीं हें घडलें, आणि त्यांतल्या कित्येक त्याच रोगानें गेल्या.

एका आजारी जोगिणीचें रक्त दोन कुप्यांत घालून, चहाकॉफीसाठीं वापरतात तशा थर्मासमध्यें बर्फावर ठेवून, विमानानें बेल्जियममधील अँटवर्प शहरीं पाठविण्यांत आलें. वाटेंत एक कुपी फुटली. उरलेल्या कुपींतील रक्तांत सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं दिसला तो दोऱ्यासारखा लांब, वळसे घेतलेला विषाणु. पुढें संशोधकांची मंडळी काँगोंत जमली असतां ह्या नव्या रोगाला नांव काय द्यावें असा प्रश्न निघाला. यांबुकूचें नांव दिलें तर त्या बिचाऱ्या गांवाला जन्माचा कलंक लागेल, म्हणून त्या मुलुखांतून वाहणाऱ्या इबोला नदीचें नांव त्यांनीं रोगास दिलें. नदीला कोणी पंक्तीबाहेर बसवीत नाहीं, असा विचार त्यांनीं केला असावा.

त्याच वर्षीं सुदानच्या दक्षिण भागांत नझारा येथील कापसाच्या कारखान्यांतील कामगारांपासून अशीच एक साथ निघाली. तींत २८४ रोगी व १५१ मृत्यु झाले. पुढें कळलें कीं दोन्ही ठिकाणचे विषाणु सख्खे नव्हेत, चुलत भाऊ आहेत. म्हणून आज झाईर जातीचा इबोला, सुदान जातीचा इबोला असे भेद करतात. आणखीही जाती आहेत. हा भेद शाब्दिक नाहीं; औषध आणि लस ह्यांच्या बाबतींत तो जीवनमरणाचा आहे, तें पुढें येईलच. आमच्या श्रीधरच्या कांपाल्यास आला तो सुदान जातीचा.

हा विषाणु साथी नसतात तेव्हां राहतो कोठें? फळें खाणाऱ्या मोठ्या वटवाघुळांच्या ठायीं त्याचें बिऱ्हाड असावें, असा शास्त्रज्ञांचा बळकट संशय आहे. अरण्यांत एखादें माकड वा हरिण त्यानें मरतें, आणि तें उचलून आणणाऱ्या वा कापणाऱ्या माणसास त्याची बाधा होते. एकदां मनुष्यांत शिरला म्हणजे मात्र तो मनुष्यांतूनच पसरतो. आणि कसा पसरतो हेंच आमच्या घरांत कोणास ठाऊक नव्हतें. गोवर किंवा इन्फ्लुएंझा ह्यांच्याप्रमाणें हा हवेंतून उडत येत नाहीं. एका खोलींत बसल्यानें, एका पंक्तींत जेवल्यानें, निरोगी दिसणाऱ्या मनुष्याच्या सावलीनें तो लागत नाहीं. रोग्याचें रक्त, वांति, रेच, घाम, लाळ ह्यांचा आपल्या डोळ्यांशीं, तोंडाशीं वा अंगावरील बारीकशा जखमेशीं संबंध आला तरच तो लागतो. आणि ज्याला लक्षणें दिसूं लागलेलीं नाहींत, त्याच्यापासून तो दुसऱ्यास होत नाहीं. ताप येण्यापूर्वीं दोन दिवसांपासून एकवीस दिवसांपर्यंत तो अंगांत दबून असतो. ह्या एकवीस दिवसांत ताप आला नाहीं तर मनुष्य सुटला. अखेरचा रोगी बरा झाल्यावर एकवीसाची दुप्पट, म्हणजे बेचाळीस दिवस, नवा रोगी निघाला नाहीं म्हणजे मगच साथ संपल्याचें जाहीर करतात. कांपाल्याची साथ ३० जानेवारी २०२५ रोजीं जाहीर झाली आणि २६ एप्रिलला संपली. एकूण १४ रोगी, त्यांत ४ मृत्यु. पहिला बळी इस्पितळांतील एक परिचारकच होता. आमची मुंज मे महिन्यांत. श्रीधर तर त्या सबंध साथींत एकाही रोग्याच्या आसपास गेलेला नव्हता. तिसरीच्या मुलानें करावें असें हें गणित. तें आम्हीं सर्व सुशिक्षितांनीं न करतां त्याचें पान उचललें.

रोगाचें स्वरूप थोडक्यांत सांगतों, कारण त्याविषयीं अतिशयोक्तीही फार आहे. आरंभ साध्या तापासारखाच: ग्लानि, डोकेंदुखी, स्नायूंचें दुखणें, घसा धरणें. चारदोन दिवसांनीं वांति व रेच सुरू होतात. अंगांतून रक्त वाहूं लागतें असें जें चित्र लोकांच्या मनांत आहे तें थोड्याच रोग्यांत दिसतें. पुष्कळसे दगावतात ते अंगांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें आणि रक्ताभिसरण कोसळल्यामुळें. हा विषाणु प्रथम शरीराच्या राखणदार पेशींवरच घाला घालतो, आणि मग यकृत, रक्तवाहिन्या असा पुढें सरकतो. सरासरीनें दोघांपैकीं एक दगावतो. कोठें चारांत एक, तर कोठें दहांत नऊ. ह्या अंतरांत विषाणूच्या जातीचा भाग आहे तसाच शुश्रूषेचाही आहे. शिरेंतून क्षारयुक्त पाणी वेळेवर व पुरेसें मिळालें तर कित्येक वांचतात.

आणि येथेंच ह्या रोगाचें खरें क्रौर्य आहे. हिंवताप डांसाच्या वाटेनें येतो, पटकी पाण्याच्या वाटेनें. इबोला शुश्रूषेच्या वाटेनें येतो. ओकारीचें भांडें धरणारी आई, अंग पुसणारी सून, हात धरून बसणारा मुलगा, नाडी पाहणारा वैद्य, हेच त्याचे पुढचे रोगी. जो दूर पळाला तो वांचला. जो जवळ राहिला तो गेला. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या मनुष्यास ह्याहून अवघड धर्मसंकट कोणतें सांगतां येईल? लायबेरिया देशांत २०१४ सालीं परिचारिकेचा अभ्यास करणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलीवर हाच प्रसंग आला. आईबाप, बहीण व चुलतभाऊ असे चौघे एकदम आजारी. इस्पितळांत जागा नाहीं. तिनें पायांत मोजे, त्यांवर कचऱ्याच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांवर रबरी बूट, त्यांवर पुन्हां पिशव्या असा वेष केला. अंगांत रेनकोट, हातांत चार चार हातमोजे, तोंडाला पट्टी. आणि दिवसांतून कित्येक वेळां हें सर्व चढवून उतरवून तिनें चौघांचीही एकटीनें सेवा केली. तिघे वांचले, चौदा वर्षांचा चुलतभाऊ मात्र गेला. ती स्वतः आजारी पडली नाहीं. त्या मुलीनें पळ काढला नाहीं आणि आंधळी मायाही केली नाहीं.

कोणी म्हणतील, हेंच तर आमचें सोवळें! हा विचार माझ्याही मनांत आला, आणि मीं तो टाकून दिला. सोवळ्यांत आम्हीं मनुष्याचें कूळ पाहिलें, ताप पाहिला नाहीं. ह्या मुलीनें ताप पाहिला आणि रोग्याजवळ गेली. आम्हीं दूर सारण्यासाठीं शुचित्व वापरलें, तिनें जवळ जाण्यासाठीं. दोहोंना एक नांव देणें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं.

आतां सर्वांत दुःखद भाग. इबोलानें मेलेल्या मनुष्याचें प्रेत जिवंत रोग्यापेक्षांही अधिक धोक्याचें असतें, कारण अखेरीस विषाणु सर्वांगांत पराकाष्ठेचा वाढलेला असतो. पश्चिम आफ्रिकेंत प्रेताला स्नान घालणें, त्याच्यावर हात ठेवून निरोप घेणें हें आप्तांचें पवित्र कर्तव्य आहे. २०१३ च्या डिसेंबरांत गिनी देशाच्या मेलिआंदू नांवाच्या गांवीं एक तान्हें मूल दगावलें, तेथून जी साथ निघाली ती गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन ह्या तीन देशांत मिळून २८,६०० हून अधिक लोकांस झाली आणि ११,३०० हून अधिक लोकांचे प्राण घेऊन २०१६ च्या जूनमध्यें शमली. सिएरा लिओनच्या सरहद्दीवर एक प्रसिद्ध वैदू स्त्री होती. रोगी तिच्याकडे येत. तिलाही रोग झाला व ती वारली. तिच्या अंत्यविधीस गांवोगांवचे लोक लोटले. त्या एका अंत्यविधीशीं ३६५ पर्यंत मृत्यूंचा संबंध जोडतां येतो, असें जागतिक आरोग्य संघटनेनें नमूद केलें आहे. गिनींतील सुमारें शेंकडा साठ रोग्यांचा संबंध प्रेतसंस्काराशीं होता.

ज्यांनीं प्रेताला स्नान घातलें ते अडाणी होते असें म्हणणें सोपें आहे. मला तें म्हणवत नाहीं. २०२१ च्या वैशाखांत माझे थोरले बंधु, श्रीधरचे आजोबा, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत इस्पितळांत वारले. प्रेत पिशवींत बंद होऊन आलें. अनोळखी माणसांनीं तें विद्युत्‌दाहिनीकडे नेलें. आम्ही दारापाशीं उभे होतों. दुसऱ्या दिवशीं एक मडकें आणि त्यावर चिकटविलेला क्रमांक एवढें हातीं आलें. वहिनींनीं अखेरचें मुख पाहिलें नाहीं. काशीहून आणलेला गंगेचा गडू आमच्या देवघरांत चाळीस वर्षें दादांच्याच अखेरीसाठीं म्हणून होता. तो फोडलाच नाहीं. अजून तसाच आहे. वहिनी रोज त्याला पुसतात. त्यांना जर त्या दिवशीं कोणी सांगितलें असतें कीं ‘जा, तोंडांत पाणी घाला, पण तुम्हांलाही रोग होईल’, तर त्या गेल्या असत्या ह्याविषयीं मला तिळमात्र शंका नाहीं. म्हणून त्या सरहद्दीवरच्या बायकांना मी दोष देत नाहीं.

लायबेरियाची हकीकत तर आपल्याशीं अनपेक्षित रीतीनें येऊन भिडते. त्या देशांत प्रेतें पुरतात. जाळणें ही कल्पनाच तेथील लोकांस असह्य. २०१४ च्या ऑगस्टांत राजधानी मोन्रोव्हियांत प्रेतें पुरण्यास जागा व माणसें पुरेनात, तेव्हां सरकारनें दहनाचा हुकूम काढला. पण दहनभूमि आणावयाची कोठून? शहराबाहेर बॉईज टाउन येथें तेथील भारतीय रहिवाशांनीं आपल्या मृतांसाठीं बांधलेली दाहभूमि होती. तींत सुमारें दोन हजार प्रेतें जाळण्यांत आलीं. जी जागा आमच्या कोणा देशबांधवानें स्वजनांस सद्गति मिळावी म्हणून परमुलुखांत उभारली, तीच तेथील लोकांना नरकासारखी भासली. कारण त्यांच्या दृष्टीनें जळलेल्या मनुष्यास कबर नाहीं, आणि कबर नाहीं तर स्मरणास जागा नाहीं. दर वर्षीं मार्चमध्यें तेथें पितरांच्या कबरी साफ करण्याचा दिवस पाळतात. त्या दिवशीं जावयाचें कोठें? प्रेत जाळतील ह्या भीतीनें लोक रोगी लपवूं लागले, रात्रीं चोरून पुरूं लागले, आणि रोग अधिकच पसरला. शेवटीं डिसेंबरांत डिस्को हिल नांवाच्या टेकडीवर सुरक्षित दफनाची जागा सुरू करण्यांत आली व दहन थांबलें. जळलेल्यांची राख पुढच्या मार्चांत पिंपांत भरून त्याच टेकडीवर नेली. ज्या तरुणांनीं तीं दोन हजार प्रेतें जाळलीं, त्यांना मात्र त्यांच्याच शेजाऱ्यांनीं व आप्तांनीं नंतर दूर लोटलें.

गिनींत एक वेगळा प्रसंग घडला. एक गर्भवती स्त्री इबोलानें वारली. तेथील किस्सी लोकांचा नियम असा कीं, उदरांत गर्भ असतां स्त्रीला पुरूं नये. आधीं गर्भ वेगळा करावा, नाहींतर सृष्टीचा क्रम बिघडतो. डॉक्टर म्हणाले, प्रेतास हात लावाल तर मराल. गांव हटून बसलें. तेव्हां जागतिक आरोग्य संघटनेनें पाठविलेल्या एका मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें गांवांतल्या वृद्धांना विचारलें : ‘नियम मोडावाच लागला, तर त्याला तुमच्याकडे प्रायश्चित्त आहे कीं नाहीं?’ शोध करतां असा विधि जाणणारा एक म्हातारा सांपडला. संघटनेनें त्या विधीचा खर्च दिला, विधि झाला, आणि ती स्त्री गर्भासह निर्विघ्न पुरली गेली. हें वाचून मी धर्मसिंधु काढून बसलों. गर्भिणी मृत झाली असतां काय करावें ह्याचा विचार आमच्याही शास्त्रकारांनीं केला आहे; आणि प्रेत मिळालेंच नाहीं तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचें दहन करावें, ही पर्णशराची सोय तर सुप्रसिद्धच आहे. कोणत्याही जुन्या समाजानें विधीबरोबर त्याचा पर्यायही सांठवून ठेवलेला असतो; फक्त विचारणारा आदरानें विचारणारा पाहिजे. दादांच्या वेळीं हें मला सुचलें असतें तर वहिनींसाठीं कांहीं करतां आलें असतें.

आदरानें विचारलें नाहीं तर काय होतें? मोन्रोव्हियांत वेस्ट पॉइंट नांवाची दाट वस्ती आहे. २०१४ च्या ऑगस्टांत ती सबंध वस्ती शिपायांच्या पहाऱ्यांत कोंडण्यांत आली. दंगल झाली, गोळीबार झाला, एक पंधरा वर्षांचा मुलगा मेला, आणि दहाएक दिवसांनीं पहारा उठवावा लागला. गिनींत वोमे गांवीं त्याच वर्षीं सप्टेंबरांत, रोगाची माहिती सांगावयास गेलेल्या मंडळींपैकीं आठ जणांस गांवकऱ्यांनीं ठार केलें. पुणेकर वाचकांना १८९७ सालचा प्लेग व रँडसाहेबाचे सोजीर आठवतील. माझ्या पणजीनें तापलेल्या मुलाला धान्याच्या कणगीआड लपविलें होतें, ही गोष्ट आमच्या घरांत पिढ्यानपिढ्या शौर्यकथा म्हणून सांगतात. तिच्या त्या कणगीमुळें आणखी किती घरांत प्लेग गेला असेल, हा प्रश्न मीं स्वतःही ह्या वर्षापर्यंत विचारला नव्हता.

उपायांची बाजू आतां पुष्कळ उजळली आहे. डॉक्टर म्युएंबे हे काँगोचेच सुपुत्र. १९७६ सालीं ते यांबुकूस गेले तेव्हां हातमोजेही नसतां त्यांनीं रोग्यांचें रक्त काढलें, आणि साबणानें हात धुतले म्हणून वांचले असें ते सांगतात. १९९५ सालीं किक्विट शहरच्या साथींत त्यांनीं बऱ्या झालेल्यांचें रक्त आठ रोग्यांस दिलें, सात वांचले. आठांवरून सिद्धांत होत नाहीं, असें पुष्कळांनीं म्हटलें, आणि तें बरोबरही होतें. पण त्याच साथींतून बऱ्या झालेल्या एका मनुष्याच्या रक्तांतून पुढें एक प्रतिद्रव्य वेगळें काढण्यांत आलें. २०१८ ते २०२० ह्या काळांत पूर्व काँगोंत मोठी साथ आली व २,२८७ लोक दगावले, त्या साथींत तें व तशाच प्रकारचें दुसरें एक औषध ह्यांची रीतसर परीक्षा झाली. रक्तांत विषाणु फार वाढण्याआधीं जे उपचारास आले, त्यांच्यांत मृत्यु दहांत एकावर आला! त्या काळपर्यंत ‘इस्पितळांत नेलेला परत येत नाहीं’ असें लोक म्हणत. त्याला हें उत्तर.

लसही निघाली. २०१५ सालीं गिनींत तिची परीक्षा झाली ती मोठ्या कल्पकतेनें. एक रोगी सांपडला कीं त्याच्या सहवासांतले, आणि त्या सहवासांतल्यांच्या सहवासांतले, अशा सर्वांभोंवतीं लसीचें कडें घालावयाचें. लस टोचून दहा दिवस लोटल्यावर त्यांतल्या एकालाही रोग झाला नाहीं. कडें घालण्याची ही युक्ति नवी नाहीं. १९७५ सालीं आपल्या देशांतून देवीचा रोग हद्दपार झाला तो ह्याच युक्तीनें, आणि घरोघर हिंडणारे आमचे आरोग्यसेवक त्या कामाचे धनी होते. मात्र ही लस व तीं औषधें झाईर जातीवर चालतात; सुदान जातीवर नाहींत. कांपाल्यास २०२५ सालीं साथ जाहीर झाल्यापासून चार दिवसांच्या आंत सुदान जातीवरील एका नव्या लसीची परीक्षा सुरू करण्यांत आली, हें मात्र नमूद करण्यासारखें आहे. यांबुकूच्या काळीं रोगाला नांव मिळण्यासच किती आठवडे गेले होते!

बरे झालेल्यांचें पुढें काय होतें? सांधे दुखतात, डोळ्यांस विकार होतात, थकवा जात नाहीं. शरीराच्या कांहीं कोपऱ्यांत, डोळ्यांत, पुरुषाच्या वीर्यांत, विषाणु महिनोन् महिने दडून राहूं शकतो. म्हणून बऱ्या झालेल्या पुरुषांस कांहीं काळ नियम पाळावयास सांगतात व तपासणी करतात. २०१४ च्या नोव्हेंबरांत लायबेरियांत बरा होऊन आलेल्या एका भारतीय तरुणास दिल्लीच्या विमानतळावर ह्याच कारणासाठीं वेगळें ठेविलें होतें. त्याच्या रक्तांत रोग नव्हता. २०२१ सालीं गिनींत जी लहानशी साथ आली तिचें मूळ तर पांच वर्षांहून अधिक काळापूर्वीं बऱ्या झालेल्या कोणा मनुष्यांत असावें असें विषाणूच्या घडणीवरून दिसलें. हें वाचून कोणी म्हणेल, मग आत्याबाईंचें काय चुकलें? चुकलें एवढेंच कीं श्रीधरला तो रोग कधीं झालाच नव्हता. आणि झाला असता व तो बरा होऊन आला असता, तरी पंक्तींत बसल्यानें कोणास कांहीं झालें नसतें. काळजी घ्यावयाची असते ती वैद्याच्या सांगण्यानें, वाढप्याला खुणावून नव्हे.

हें सर्व मीं श्रीधरला सविस्तर पत्रानें कळविलें, आणि पत्राच्या आरंभीं चार शब्द न बोलल्याबद्दल क्षमा मागितली. ‘आजोबा, तुमचें अक्षर अजून फळ्यावरच्यासारखेंच आहे’ एवढेंच त्याचें उत्तर आलें. पण एक गोष्ट मला तेव्हां ठाऊक नव्हती ती वहिनींनीं परवां सांगितली. मुंजीनंतर तिसऱ्या दिवशीं पहाटे तो निघाला, तेव्हां आम्ही सर्व झोंपेंत होतों. वहिनी उठल्या होत्या. त्यांनीं त्याच्या तळहातावर दहीं घातलें, त्यानें तें खाल्लें, आणि हातावर राहिलेलें चाटून त्यांनीं आपल्या तोंडांत टाकलें. “मला कुणी सांगितलं नव्हतं हो एकवीस दिवसांचं,” त्या म्हणाल्या. “पण दादांच्या वेळीं एकदां राहून गेलं होतं.”